शंकरपट आणि मराठवाड्याचा बैल

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपायचे, वर एकच हाकणारा बसायचा आणि सरळ आखलेल्या पट्ट्यावरून काही सेकंदांत निशाण गाठायचे. विदर्भात नुसते ‘पट’ म्हटले तरी भागते. मराठवाड्यात नांदेड, हिंगोली, परभणीकडे शंकरपट हे पूर्ण नाव चालते. महाराष्ट्रात हा खेळ सगळीकडे सारखा नाही. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर, आंबेगाव, खेड भागातला बैलगाडा चढाच्या घाटावर धावतो. तिथे चार बैल, पुढे घोडी आणि गाड्यावर माणूस नाही. सातारा-सांगलीकडे मोकळ्या मैदानावर गाड्या सुटतात आणि आदत, दुसा असे बैलांच्या दातांवरून गट पडतात. रायगड जिल्ह्यात समुद्राची ओली वाळू हेच मैदान. नांदेडचा पट या सगळ्यांत विदर्भाला जवळचा आहे, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. हदगाव, हिमायतनगर, किनवट, माहूर हे तालुके पैनगंगेच्या काठाचे; नदी ओलांडली की विदर्भ. सोयरीक, बाजारहाट, यात्रा सगळे दोन्ही काठांवर मिळून चालत आले, तसा पटही.

पटाचा हंगाम शेतीने ठरवलेला असे. खरीप घरात आले, रब्बीची ज्वारी उभी आहे आणि बैलाला औताचे काम नाही, असे दिवस पौष-माघात येतात. यात्रा-जत्राही त्याच सुमाराला. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. तिथे बायकाही छकडा हाकतात. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकमंडळी पटाच्या तारखा पाहून दौरे आखतात, कारण दिवसा पट पाहायला आलेला पाहुणा रात्री नाटकाला बसतो. मराठवाड्यात पटाला नाटकाची अशी जोड मिळाली नाही. इथे त्याची सोबत कुस्तीच्या दंगलीची आणि जनावरांच्या बाजाराची.

जुना पट दोन जोड्या शेजारी शेजारी सोडून निकाली लावत. पुढे एकेक जोडी सोडून वेळ मोजायची रीत रुळली. सुरुवातीच्या रेषेवर दोघे-तिघे म्होरकी धरून बैलांपुढे उभे राहतात. मुरलेला बैल इथेच ओळखू येतो. तो कान मागे घेतो, पुढचे पाय रोवतो, पण जागा सोडत नाही; नवखा गोऱ्हा मात्र जू झुगारून आडवा होतो आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. निशाण पडले की माणसे बाजूला उडी घेतात. त्यानंतरची धाव इतकी थोडक्यात आटोपते की गर्दीतल्या निम्म्यांना फक्त धूळ दिसते. आता घड्याळ यांत्रिक असते आणि सेकंदाच्या अपूर्णांकावर बक्षीस ठरते. पूर्वी पंचाचा डोळा हेच घड्याळ होते, त्यामुळे पटाइतकेच पटावरचे भांडणही रंगे.

पण बैलाने धावण्याची मराठवाड्यातली रीत छकड्याच्या पटापुरती नाही. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला वेशीत तोरण बांधतात, गावचे बैल त्याखाली ओळीने उभे करतात आणि मानाची जोडी पुढे गेली की पोळा फुटतो. मग बैल घराकडे पळवत नेतात. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झालेली असते. जू बसून बसून घट्टा पडलेल्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळायचे आणि बैलाला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण द्यायचे. कर्नाटकाच्या सीमेलगत हाच मान ज्येष्ठ पौर्णिमेला, कारहुणवीला मिळतो. तिथे वेशीत बांधलेली ‘कर’ तोडायला बैल सोडतात आणि कोणत्या रंगाचा बैल आधी पार झाला यावरून यंदा खरीप साधणार की रब्बी, याचा अंदाज बांधतात. यांतल्या कोणत्याच प्रकारात इनाम नाही, घड्याळ नाही. मराठवाड्यातला पट वाढला तो या सणांच्या अंगाने. बैल वर्षभर राबायचा आणि वर्षातले मोजके दिवस मिरवायचा, धावायचा.

राबणे काय होते हे आज सांगावे लागते. गोदावरी, मन्याड आणि मांजरा यांच्या खोऱ्यांतली काळी जमीन वाळली की दगडासारखी होते. तिच्यात जुना लाकडी नांगर घालायचा तर सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. एका घरी तेवढे बैल नसत, म्हणून शेजारी आपापल्या जोड्या एकत्र करून सावडीने नांगरट उरकत. त्यानंतर वखर, तिफण, कोळपे, विहिरीवरची मोट आणि खळ्यावरची मळणी. या कामांना पळणारा बैल नको होता; दिवसभर दमाने ओढणारा हवा होता. या भागातल्या दोन गोवंशांची ठेवण याच गरजेतून घडली.

पहिला लाल कंधारी. नांदेड जिल्ह्यातला कंधार तालुका हे त्याचे मूळ ठिकाण, आणि लोहा, मुखेड, नायगाव, अहमदपूर हा त्याचा पसारा. गडद लाल रंग, डोळ्यांभोवती काळसर कडे, मध्यम पण भरीव बांधा. कंधारच्या राजा सोमदेवरायाने चौथ्या शतकात या वंशाला आश्रय दिला, अशी परंपरा सांगितली जाते. ती इतिहासापेक्षा आख्यायिकेच्याच वहीत ठेवलेली बरी. पण एका तालुक्याचे नाव लावून जनावर देशभर ओळखले जाते, एवढी या भागाची पशुपालनातली पत खरी.

दुसरा देवणी. लातूर जिल्ह्यात आता देवणी हा स्वतंत्र तालुका आहे. पूर्वी तो उदगीरचा भाग होता आणि उदगीर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या, नंतर राज्यातल्या, बिदर जिल्ह्यात होते. म्हणून हा वंश आज महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही राज्यांत पसरलेला दिसतो. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून तो तयार झाला असे मानतात. त्याचे तीन प्रकार गुराखी लांबूनच सांगतो: अंगाने पांढरा, तोंडाने काळा तो वानेरा, पांढऱ्यावर काळे ठिपके तो शेवरा, जवळजवळ सगळा पांढरा तो बालंक्या. गाय दुधाला आणि बैल औताला, असा हा दुकामी वंश. लातूरकडे पटापेक्षा जनावरांच्या प्रदर्शनाला आणि बाजाराला अधिक जोर राहिला, तो बहुधा यामुळेच. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत पशुप्रदर्शन आणि कुस्त्या हे मुख्य आकर्षण असते.

बैलाचे पैसे करणारी दुसरी वाट गाडीची. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे १९०० मध्ये मनमाडपर्यंत सुरू झाली आणि नांदेड तिच्यावरचे ठळक स्थानक बनले. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. रेल्वेने बैलगाडी मोडीत निघाली नाही, उलट तिची गरज वाढली, कारण कापूस आणि धान्य स्थानकापर्यंत आणायला दुसरे साधन नव्हते. नांदेडच्या उस्मानशाही मिलपुढे कापसाच्या आणि लातूरच्या गंजगोलाईत धान्याच्या गाड्या लागत. गंजगोलाईची वर्तुळाकार आखणी १९१७ ची. सोळा रस्ते मध्यात येऊन मिळतात, आणि त्यांवरून येणारी वाहने बैलांचीच असणार हे धरूनच ती झाली असणार. रात्रीच्या प्रवासात गाडीवान एकमेकांशी पैजा लावत. शर्यतीची खुमखुमी सणात जशी होती, तशी वाटेवरही होती.

बैलाची पारख व्हायची ती बाजारात. उदगीर तालुक्यातला हाळी-हंडरगुळीचा बाजार देवणी जनावरांसाठी, आणि लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबा यात्रा सगळ्याच जनावरांसाठी. माळेगावची यात्रा मार्गशीर्षाच्या शेवटी भरते, देवस्वारीने सुरू होते आणि घोडे, गाढवे, उंट, कुत्री, लाल कंधारी बैल अशी सगळी सृष्टी माळावर उतरते. भटक्या जमातींच्या पंचायतीही परंपरेने इथेच बसत. गिऱ्हाईक आधी बैलाचा ओठ वर करून दात पाहते: दोन दाती, चार दाती, सहा दाती, की जुळलेला. मग अंगावरचे भोवरे पाहते. कोणता भोवरा घर भरतो आणि कोणता घर बुडवतो याबद्दल प्रत्येक गावचे शास्त्र निराळे. मग बैल चालवून मागच्या खुराचा ठसा पुढच्या ठशावर पडतो का, हे पाहायचे. शेवटी रुमालाखाली दोन हात जातात, आणि बोटे दाबून भाव ठरतो. शेजारी उभ्या माणसाला चेहऱ्यावरून काही कळू नये, ही सौद्याची पहिली अट. पटात चमकलेल्या जोडीचा भाव रुमालाखाली ठरत नाही. तो सगळ्यांसमोर सांगायचाच असतो.

शर्यत कायद्याच्या कचाट्यात सापडली ती २०११ पासून. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा. त्याखाली प्रदर्शनासाठी आणि खेळासाठी वापरू नयेत अशा प्राण्यांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्यात बैल आला. सर्कशीतल्या वाघाच्या पंगतीला बैल बसवणे हा शेतकऱ्याला विनोद वाटला, पण त्याचा परिणाम थेट होता. महाराष्ट्र शासनाने त्याप्रमाणे बंदी लागू केली आणि मार्च २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या खटल्यात निर्णय देताना महाराष्ट्रातल्या शर्यतींचाही स्पष्ट उल्लेख करून त्या थांबवल्या.

न्यायालयापुढे आलेल्या तक्रारी बिनबुडाच्या नव्हत्या. पराणीची आर टोचणे, शेपटी पिरगाळणे, चावणे, चाबूक, विजेचा झटका, दारू पाजणे हे प्रकार शर्यतींत होत असत, आणि पटाच्या रसिकांनाही ते ठाऊक होते. इनामाची रक्कम वाढली तसे ते वाढले. न्यायालयाचा दुसरा मुद्दा अधिक मुळाशी जाणारा होता: घोड्याप्रमाणे धावण्यासाठी बैलाची शरीररचना नाही, म्हणून त्याला पळवणे हीच क्रूरता. शर्यतवाल्यांचे म्हणणे असे की बैल पळतो, आणि खिल्लारसारखे वंश तर पिढ्यान्‌पिढ्या पळण्यासाठीच निवडले गेले. यावर पुढे राज्य शासनाने पशुवैद्यक तज्ज्ञांची समिती नेमून बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवाल घेतला. मराठवाड्यापुरते बोलायचे तर दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत. लाल कंधारी पळतो, पण ती त्याची ओळख नव्हे.

पुढची सात वर्षे मुभा आणि स्थगिती यांच्या झोक्यात गेली. ७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने अधिसूचना काढून जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या बैलगाडी शर्यतींना अटींवर सूट दिली. पाचच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर मोठे आंदोलन झाले आणि तमिळनाडूने स्वतःची कायदादुरुस्ती केली. महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वाटेने एप्रिल २०१७ मध्ये विधेयक संमत केले, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले. तमिळनाडूत जल्लिकट्टू आणि कर्नाटकात कंबळा सुरू असताना महाराष्ट्राचा बैल मात्र दावणीला, याची चीड शर्यतवाल्यांत साचत गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यात बंदी झुगारून शर्यत झाली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवणे विधिमंडळाचे काम आहे, असेही पीठाने म्हटले.

परवानगीबरोबर नियम आले. जिल्हाधिकाऱ्यांकडे आधी अर्ज, अनामत, पशुवैद्यकाची तपासणी, धावेचे अंतर १,००० मीटरच्या आत, चाबूक-पराणी बंद, आणि मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. बैलांच्या दृष्टीने हे बरेच झाले. पण गावच्या यात्रेत चार मोठ्या माणसांनी ठरवून भरवायचा पट यात बसत नाही. अर्ज, हमी, दवाखान्याचे दाखले, मंडप, बक्षिसात मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर, हे सगळे पेलणारा आयोजक बहुतेक वेळा राजकीय पुढारी असतो, आणि फलकावर बैलापेक्षा त्याचे छायाचित्र मोठे असते. त्यातही सलग हंगाम मिळाला नाही. अंतरिम परवानगीनंतर वर्ष उलटायच्या आत, २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग आला आणि जनावरांचे बाजार, प्रदर्शने, शर्यती सगळे काही महिने बंद झाले.

मात्र पटाचे भवितव्य न्यायालयात जेवढे ठरले, त्याहून अधिक शेतात ठरले आहे. सर्वांत ठळक कारण ट्रॅक्टर; त्याबद्दल फार बोलायला नको. आठ बैलांची नांगरट तो तासा-दोन तासांत करतो आणि काम संपल्यावर चारा मागत नाही. कमी बोलले जाणारे कारण सोयाबीन. गेल्या तीन-चार दशकांत लातूर आणि नांदेडच्या काळ्या जमिनीवर ज्वारी हटत गेली आणि सोयाबीन पसरत गेले. लातूरची बाजार समिती आज सोयाबीनच्या भावासाठी राज्यभर पाहिली जाते. ज्वारी माणसाला भाकर आणि बैलाला कडबा देत होती. सोयाबीनचे भुसकट ही कडब्याची जागा नव्हे. पूर्वी घरच्या रानातून फुकट येणारी बैलाची वैरण आता विकत घ्यावी लागते आणि दुष्काळी वर्षी तिचा भाव धान्याशी स्पर्धा करतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्या वर्षी माणसांच्या पाण्याची ही गत, तर दावणीची काय असेल ते वेगळे सांगायला नको. अशा सालात शेतकरी प्रथम बैल विकतो, गाय नंतर.

विकणेही सोपे राहिले नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. थकलेली जोडी विकून आलेल्या पैशांत भर घालून नवी घ्यायची, हे जुने चक्र त्याने अडले. म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर तरुण बैल घेणाराही विचार करतो. राज्यातले एकूण गोधन २०१२ च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये ते १ कोटी ४० लाखांपर्यंत उतरले. देशभरात गोवंशातल्या नरांची संख्या त्याच सात वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटली.

या घसरणीत पट आणि शेत यांची फारकत झाली. आजच्या नामांकित पटातली जोडी औताला जात नाही. ती खिल्लार किंवा म्हैसूरकडची, लहानपणापासून पळण्यासाठी वाढवलेली, दूध-अंडी-बदामाच्या खुराकावर पोसलेली आणि टेम्पोतून गावोगाव फिरणारी असते. तिच्या किमती लाखांत असतात आणि तिचा मालक पुष्कळदा शेतीपेक्षा जमिनीच्या व्यवहारांत किंवा ठेकेदारीत कमावणारा असतो. खेळ म्हणून त्यात गैर काही नाही. घोड्यांच्या शर्यती जगभर अशाच चालतात. पण लाल कंधारी आणि देवणी या नव्या पटात मागे पडतात, कारण ते ज्यासाठी घडले ते काम आणि सेकंदांची शर्यत यांचा मेळ बसत नाही. शर्यत सुरू झाली की देशी वंश वाचेल, हा युक्तिवाद खटल्याच्या काळात जोरात मांडला गेला. खिल्लारपुरता त्यात दम आहे. कंधार आणि देवणीपुरता तो फार लंगडा आहे.

कायद्याने परत दिलेला खेळ लोकांनी उचललाच असे होत नाही, याचा एक दाखला स्पेनमध्ये आहे. कॅटालोनियाने बैलझुंजींवर घातलेली बंदी २०१२ पासून लागू झाली. बार्सिलोनाच्या मोन्युमेंताल आखाड्यात शेवटची झुंज सप्टेंबर २०११ मध्ये झाली होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती बंदी रद्द केली, तरी झुंजी परतल्या नाहीत. महाराष्ट्रात उलट घडले. पुणे, सातारा, सांगलीत शर्यती पूर्वीपेक्षा मोठ्या होऊन परतल्या. विदर्भातही पट भरू लागले. मराठवाड्यात हौस आहे, मैदानेही आहेत. तोकडी पडते ती घरची जोडी.

वंश टिकवण्याचे सरकारी प्रयत्न चालू आहेत. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय यांमुळे या दोन्ही वंशांना संशोधनाचा आधार जवळच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले. त्या निर्णयात मराठवाड्यातल्या देवणी आणि लाल कंधारीची नावे आहेत. गोशाळांना दर गाईमागे रोज ५० रुपयांचे अनुदानही ठरले. मात्र हे सगळे गाईभोवती फिरते. कृत्रिम रेतनासाठी आता लिंगनिर्धारित रेतमात्रा अनुदानावर मिळतात. त्यांच्या वापराने दहापैकी नऊ वासरे कालवडी होतात, असा त्यांचा दावा आहे. दूध विकणाऱ्या शेतकऱ्याला तेच हवे आहे, आणि गोऱ्हा पोसण्याची ऐपत नसलेल्यालाही तेच परवडते. ही पद्धत देवणी आणि लाल कंधारी गाईंपर्यंत जितकी पोचेल, तितके कंधार-उदगीरच्या गोठ्यांत औताचे आणि पटाचे गोऱ्हे कमी जन्मतील.